चारं पिकली त्या वर्षी

बुलबुल यायच्या आधी चारं तोडायची, हे कुसुमावतीनं आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. म्हणून अक्षय्य तृतीयेच्या सकाळी नागपूरच्या दिघोरीतल्या त्या घरात सगळ्यांत आधी तीच उठली. अंगणात आली तेव्हा तिचे यजमान शालिकराम बाजेवर पाठमोरे झोपले होते आणि उमरेड रोडवर ट्रकांची ये-जा नुकती सुरू झाली होती. ती वाटी घेऊन झाडाखाली गेली. फांदीचं टोक खाली ओढलं, काळी-जांभळी झालेली फळं तेवढी निवडली, हिरवी तशीच राहू दिली. अर्धी वाटीही भरली नाही.

तिच्या माहेरी चारोळीच्या झाडाला चार म्हणत आणि त्याच्या फळांना चारं. कुहीच्या पलीकडं, जंगलाला लागून तिचं गाव. लहानपणी उन्हाळ्यात आईच्या मागं मागं जायचं, चारं वेचायची, वरचा आंबटगोड पातळ गर चोखायचा आणि बी टोपलीत टाकायची. बी फोडायची नाही, ती व्यापाऱ्याची. तिच्या बदल्यात मीठ यायचं. आतली चारोळी कशी लागते हे कुसुमावतीला कळलं ते लग्न होऊन नागपूरला आल्यावर, कुणाच्या तरी घरच्या बासुंदीत. तिला ती मुळीच ओळखीची वाटली नाही. तिच्या जिभेवर होता तो गर. तो नागपूरच्या कोणत्याच बाजारात तिला मिळाला नाही.

हे सगळं तिनं तिन्ही पोरांना सांगितलं होतं. मनावर घेतलं ते धाकट्यानं, साहिलनं. नोकरी बँकेत, पण सुट्टी मातीत जायची. कुंपणाला करवंदं, डब्यांमध्ये फालसा, न्हाणीमागं खिरणी. एकदा बंगळुरूहून कुठल्याशा परदेशी बदामासारख्या झाडाचं रोप मागवलं होतं, ते नागपूरच्या पहिल्याच मे महिन्यात करपलं. बिबा लावायलाही निघाला होता, पण शालिकरामांनी साफ नाही म्हटलं, कुणाच्या अंगावर उतला म्हणजे. चारोळीच्या बिया त्यानं मामाच्या गावाहून आणल्या. दोन उन्हाळे एकही रुजली नाही. तिसऱ्या वेळी बीचं टोक दगडावर हलकं घासून त्यानं ती थेट अंगणातच पेरली, कारण या झाडाला जागा बदललेली चालत नाही. एकच उगवली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साहिल गेला तेव्हा झाड त्याच्या डोक्यावर गेलं होतं, पण फुलायचं नाव नव्हतं. यंदा माघात ते पहिल्यांदा मोहरलं.

कुसुमावतीनं वाटी देवघरात नेऊन झाकली.

"आई, एक तरी खाऊन पाहायचं होतं," मागून प्रणाली म्हणाली. साहिलची बायको. आंघोळ करून, केस गुंडाळून ती पुरणाची डाळ शिजत घालायला आली होती.

"पहिले त्याच्या पानावर जाईन. मग आपण."

प्रणालीनं गॅस पेटवला.

*

नऊच्या सुमारास वंदना आली, उमरेडहून, एकटीच. साहिलची मोठी बहीण. आल्या आल्या तिनं देवघरातल्या वाटीवरचं झाकण उचललं, पाहिलं, आणि तिथंच बसून डोळे पुसले. मग स्वयंपाकघरात येऊन पदर खोचला आणि कणकेचा गोळा ओढून घेतला.

प्रणाली तिच्याकडं पाहत होती. महिन्याभरापूर्वी तिनं वंदनाला फोन करून सगळं सांगितलं होतं. पियुष तिच्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये होता. त्याचं पहिलं लग्न मोडलेलं. गेल्या दिवाळीत त्यानं लग्नाचं विचारलं, तिनं नाही म्हटलं. संक्रांतीनंतर पुन्हा विचारलं, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही. आता तो चंद्रपूरच्या लॅबमध्ये जाणार होता. वंदना तेव्हा फोनवर रडली होती आणि म्हणाली होती, तू काही बोलू नको, आईले मी सांगतो सगळं, अक्षय तीजेच्या दिवशी येतोच आहे.

"ताई, कधी बोलाल?" प्रणालीनं हळूच विचारलं.

वंदनानं पोळी लाटणं थांबवलं नाही. "आज नको वं."

"तुम्हीच म्हटलं होतं."

"म्हटलं होतं. पण आज त्या झाडाले चारं आली. आई सकाळपासून कशी फिरून राहिली पाहिलं ना तू? आज तिले कसं सांगू, का तुही सून चालली म्हणून?"

"मग कधी?"

"पाहू ना. पावसाळा होऊन जाऊ दे." वंदनानं पोळी तव्यावर टाकली. मग तिच्याकडं न पाहता म्हणाली, "खरं सांगू का? मलेच नाही होत. फोनवर सोपं वाटलं होतं. इथं आली, तर साहिलचा टॉवेल अजून त्याच खुंटीवर आहे."

तो टॉवेल प्रणालीच दर आठवड्याला धुऊन परत तिथं टांगत होती. तिनं तूप पातळ करायला ठेवलं. दिवाळीपासून ती रोज मनातल्या मनात हे घर सोडत होती आणि रोज संध्याकाळी लॅबमधून येताना झाडांना पाणी घालायला उशीर होईल म्हणून घाई करत होती. या घरात तिला कुणी टोचून बोललं नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हाही नाही. उलट सासूनं एकदा बाळंतिणीच्या लाडवांसाठी जमवलेली गोडंबी गुपचूप जावेकडं, श्वेताकडं, देऊन टाकली होती, प्रणालीच्या नजरेला पडू नये म्हणून. ते प्रणालीला कळलं होतं. तेच सोडून जाणं आता जड जात होतं.

*

संजीव आणि श्वेता शहराच्या पलीकडच्या टोकाहून, वाडीहून, आले तेव्हा ऊन चढलं होतं. संजीव थोरला. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मॅनेजर, त्यामुळं घरही तिकडंच घेतलेलं. येताना त्यानं डांगर, म्हणजे इकडचं खरबूज, आणि आंबे आणले होते. आल्यावर बापाच्या शेजारी बाजेवर बसला आणि झाडाकडं पाहत राहिला.

"आली वाटते खरंच."

"आली," शालिकराम म्हणाले. तरुणपणी ते नागपूरच्या महाल भागात हातमागावर बसत, पुढं कापडाच्या दुकानात गेले. बोलणं पहिल्यापासून मोजकं. साहिलनंतर ते आणखी कमी झालं.

साहिलच्या नावानं नवी घागर भरली. विदर्भात या दिवशी गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. दरवर्षी साहिलचा शाळेतला मित्र यायचा, तो यंदा पुण्याला गेला म्हणून शेजारचे मधुकरराव आले. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी, वडे, कढी, कुरडई, चिंच-गुळाची चिंचोणी, आंब्याचा रस वाढला. शेवटी कुसुमावतीनं द्रोणात चारं ठेवली.

"हे काय वं वहिनी? जांभळं का?"

"चारं आहेत. साहिलच्या झाडाची."

मधुकररावांनी मान हलवली. नीट, सावकाश जेवले. घरातली सगळी माणसं भिंतीला टेकून उभी होती. रस संपल्यावर त्यांनी द्रोणातलं एक चार उचललं आणि तोंडात टाकलं.

कुसुमावती त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. त्यांचा गाल हलला, बी दाताखाली आली, त्यांनी ती हातावर काढली. दुसरं खाल्लं. तिसरं.

"गोड आहे," ते म्हणाले.

प्रणाली वळली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. कुणाला काही विचित्र वाटलं नाही, दरवर्षी ती या वेळी रडायचीच. पण श्वेतानं वंदनाकडं पाहिलं, वंदनानं नजर खाली घातली, आणि ते संजीवच्या ध्यानात आलं. मधुकरराव विडा घेऊन गेल्यावर त्यानं बायकोला ओसरीच्या कडेला गाठलं.

"काय चाललं आहे तुमचं?"

श्वेतानं थोडा वेळ टाळलं. मग सांगून टाकलं. तिला ते वंदनाकडूनच कळलं होतं.

संजीवच्या कानशिलात ऊन भरल्यासारखं झालं. तो तसाच आत गेला. शालिकराम पाट सरकवून जेवायला बसत होते.

"आजचाच दिवस भेटला का तुम्हाले?" तो वंदनाला म्हणाला. "त्याची घागर अजून तिथंच आहे, अन् इकडं त्याच्या बायकोचं लग्न लावून राहिल्या तुम्ही."

वंदनाच्या हातातला झारा तसाच राहिला. "मी कुठं लावून राहिली? मी तर तिले आज बोलू नको म्हटलं."

"म्हणजे आहे ते खरं."

"कोनाचं लग्न?" कुसुमावतीनं विचारलं.

मागच्या दारात प्रणाली उभी होती, तोंड धुतलेलं. तीच म्हणाली, "माझं, आई."

मग तिनं सांगितलं. पियुषचं नाव, लॅब, चंद्रपूर. उभ्या उभ्या, फारसं न थांबता, आपल्याच आवाजाची लाज वाटत असल्यासारखं. कुसुमावती ऐकत होती. तिनं हातातली वाटी खाली ठेवली आणि पदरानं उगाच हात पुसत राहिली.

"अन् इथं?" संजीव म्हणाला. "आई-बाबा? हे घर, झाडं, हे कोण पाहीन? याचा काही विचार केला का तू?"

"दादा, रोज केला."

"तुम्ही कराल ना विचार," श्वेता एकदम म्हणाली. या घरात ती मोठ्यानं बोलत नसे. "सासू-सासरे तुमचे-माझे आहेत. ती होती म्हणून आपण वाडीले निवांत राहिलो. सणावाराले डांगर घेऊन यायचो. आता ती चालली तर आपल्याले यावं लागीन, हेच तुम्हाले खुपते."

"श्वेता, तू मधात बोलू नको."

"काहून नाही बोलू? छत्तीस वर्षांची आहे ती. तुमची बहीण असती तर तुम्हीच स्थळ पाहत फिरले असते."

श्वेता म्हणाली ते खोटं नव्हतं. वाडीचं घर, पोराची शाळा, सकाळची गोदामाची वेळ हे सगळं संजीवच्या डोक्यातून क्षणात फिरून गेलं होतं. पण त्याखाली आणखी काही होतं, जे बायकोला सांगता येत नव्हतं. या घरात साहिलचं नाव रोज घेणारी एकटी प्रणाली होती. साहिल असं म्हणायचा, साहिलला हे आवडायचं नाही. आई ते नाव घ्यायला भ्यायची, बाबा घ्यायचेच नाहीत. वाडीला तर तो स्वतः कित्येक दिवस भावाला विसरून राहायचा आणि इथं आला की प्रणालीच्या तोंडून पुन्हा तो भेटायचा. ती चंद्रपूरला गेल्यावर त्याचा भाऊ कुठं राहणार होता?

"मले ते नाही म्हणायचं," तो म्हणाला, पण काय म्हणायचं होतं ते त्याला सांगता आलं नाही.

"मी म्हणतो, थोडं थांबू," वंदना म्हणाली. "दादा म्हणतो तसं आई-बाबांचं काही ठरू दे. वर्षभरानं..."

"ताई, तुम्ही महिन्यापूर्वी काय म्हटलं होतं अन् आता काय म्हणून राहिल्या?" श्वेतानं विचारलं.

शालिकराम आतापर्यंत पाटावर बसून होते. पानातलं काही खाल्लं नव्हतं. "माणूस कसा आहे?" त्यांनी विचारलं.

प्रणालीला वाटलं त्यांनी आणखी काही विचारावं. पण ते तिच्याकडं पाहत थांबले होते.

"चांगला आहे बाबा. मी साहिलबद्दल बोलते तेव्हा तो ऐकून घेतो. विषय नाही बदलत."

शालिकरामांनी मान डोलावली. कुसुमावती उठून अंगणात निघून गेली.

*

ती झाडाखालच्या दगडावर बसली होती. प्रणाली जाऊन तिच्या पायाशी बसली. ऊन पानांतून दोघींच्या अंगावर पडत होतं.

"रागावल्या?"

"नाही." मग कुसुमावती म्हणाली, "सहा महिने तू मनात ठेवून होती. मले सांगितलं नाही. मी तुही कोण होतो मग?"

"तुम्हाला सांगायचं म्हणून तर इतके दिवस लागले, आई. दुसऱ्या कुणाला सांगायला मला एक दिवस नसता लागला."

कुसुमावतीनं द्रोण बरोबर आणला होता. त्यात पितराच्या पानावरची उरलेली चारं होती. तिनं एक प्रणालीच्या हातावर ठेवलं, एक स्वतः घेतलं. दोघींनी खाल्लं. साल चरचरीत होती, गर पातळ, आधी आंबट आणि मग थोडा गोड.

प्रणाली तिच्याकडं पाहत होती. "तसंच आहे का? गावासारखं?"

कुसुमावतीनं बी तोंडातल्या तोंडात फिरवली. खोटं बोलावंसं तिला वाटलं. ज्यानं बी घासून पेरली त्याच्यासाठी, आणि जिनं पाच उन्हाळे पाणी घालून ते जगवलं तिच्यासाठी.

"नाही वं," ती म्हणाली. "तसं नाही. तिथली चारं आम्ही झाडाखाली लोळून खायचो. माय तोंड पुसून द्यायची लुगड्यानं. हे तसं कसं लागीन?"

"साहिलला वाटलं होतं तसंच लागेल."

"त्याले असंच वाटत होतं." कुसुमावती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "मी उगाच सांगत राहिली त्याले. चारं, चारं. पोरानं किती वर्षं घातली त्यात. खायले थांबला नाही."

प्रणालीनं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिलाही रडू आलं, पण पाच वर्षांत ती या घरात कुणाच्या अंगावर डोकं टेकून कधी रडली नव्हती. न्हाणीत रडायची, नळ सोडून. आता कुसुमावतीचा हात तिच्या केसांवरून फिरत होता आणि तिला साहिल अतिशय हवा होता, अगदी आत्ता, या झाडाखाली, हातात चारं घेऊन. आणि त्याच वेळी तिला चंद्रपूरला जायचं होतं. या दोन्ही गोष्टी पियुष समजून घेईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मी झाडासाठी राहिली नाही इथं, आई. तुमच्यासाठी राहिली."

"माहीत आहे मले." कुसुमावतीनं नाक पुसलं. "म्हणूनच तुले ठेवून घेतलं मी. एवढ्या वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतं, जा बाई म्हणून. नाही म्हटलं. वाटे, ही आहे तोवर तो कामावर गेल्यासारखा आहे."

दारात संजीव येऊन उभा होता. त्यानं शेवटचं ऐकलं की नाही कळलं नाही. तो खाली उतरून आला, द्रोणातलं एक चार घेतलं, तोंडात टाकलं, आणि दोघींकडं पाठ करून झाडाच्या बुंध्यापाशी उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. कुसुमावतीनं त्याला हाक मारली नाही.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "शाळा सुटली का आम्ही इकडं येतो राहायले. श्वेतालेही तेच म्हणायचं आहे. मी गाडीनं जात जाईन वाडीले."

"आधी बायकोले विचार," कुसुमावती म्हणाली.

"तिनंच सांगितलं विचारायले."

आतून शालिकरामांचा आवाज आला. "त्या पोराले आजच बोलवा. सगळे आहेत तर पाहून घेऊ."

वंदना धावत दारात आली. "बाबा, आज? साहिलच्या पानाच्या दिवशी?"

सगळे कुसुमावतीकडं पाहायला लागले. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. लुगड्याला लागलेला पालापाचोळा झटकला.

"पितर जेवून गेला," ती म्हणाली. "आता पाहुण्याले बोलवायले काय हरकत आहे? फक्त त्या पाटावर नका बसवू त्याले. तो पाट साहिलचा. याचा वेगळा मांडा."

*

पियुष ऊन उतरल्यावर आला. मिठाईचा पुडा दोन्ही हातांनी धरून दारात उभा राहिला, चप्पल कुठं काढावी हे न कळून. संजीवनं त्याला जागा दाखवली. शालिकरामांनी गाव, घर, आईवडील विचारलं. वंदनानं पाणी दिलं आणि तिथंच रेंगाळली. पहिल्या लग्नाचं त्यानं आपण होऊन सांगितलं, बायकोला नावं न ठेवता. ते वंदनाला आवडलं असावं, कारण तिनं स्वयंपाकघरात जाऊन श्वेताला सांगितलं.

पान मांडलं ते खिडकीकडच्या बाजूला. कुसुमावतीनं स्वतः वाढलं. दुपारचंच जेवण, पोळ्या मात्र पुन्हा गरम केलेल्या. पियुष खाली मान घालून जेवत होता. पोळीचा तुकडा त्याच्या हातून रसात निसटला, तेव्हा तिनं तूप वाढण्याच्या निमित्तानं नजर दुसरीकडं वळवली. दोनदा त्यानं बस म्हटलं, दोनदा तिनं ऐकलं नाही.

समोर भिंतीवर साहिलचा फोटो होता, ताजा हार घातलेला. पियुषनं एकदा वर पाहिलं, हात जोडावे की नाही अशा घोटाळ्यात क्षणभर थांबला, मग जेवता हात मांडीवर ठेवून डोकं वाकवलं. प्रणाली पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होती. तिनं ते पाहिलं. कुसुमावतीनंही.

"चंद्रपूरले घर घेतलं का?" कुसुमावतीनं विचारलं.

"भाड्यानं घेतलं आहे, आई."

"अंगण आहे?"

"नाही जी. तिसरा माळा आहे. लहानशी गॅलरी आहे."

पातेल्यातली शेवटची पोळी तिनं उलथण्यावर घेतली.

"मग उन्हाळ्यात इकडं येत जा," ती म्हणाली. "हिले घेऊन. दोघंही."

पियुषनं वर पाहिलं. "येऊ," तो म्हणाला.

कुसुमावतीनं पोळी त्याच्या पानात वाढली, आणि तूप आणायला आत गेली.